एका भोकापायी अकरा वर्षं : वंशावळ आता अर्धवटच छापतेय

गणिताच्या_बाई (सांगली)

नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर जुळल्याशिवाय खाली दोन रेघा मारायच्या नाहीत, हे पोरांना सांगता सांगता माझ्याच अंगात मुरलं. त्याचे परिणाम खाली वाचा.

२००८ साली माहेरच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. गाव कृष्णाकाठचं, जुना तासगाव तालुका. (नाव देत नाही, भावकी इथे वाचते.) पणजोबांपर्यंत सगळं सरळ मिळालं. सात-बारा, फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाची नोंद), शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही). त्याच्या वर घोटाळा. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे तीनच नावं दोनशे वर्षं आलटून पालटून फिरतायत. एकाच नावाचे दोन पुरुष, मध्ये तीसेक वर्षांचं अंतर. मी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणते. आमचे खापरपणजोबा थोरल्यांचे की धाकट्यांचे? थोरल्यांचे असतील तर गावातली पाचही घरं एका बुंध्याला येतात. धाकट्यांचे असतील तर मध्ये एक पिढीच गायब आहे.

याचं उत्तर देणारा एकच कागद आमच्याकडे. तळहाताएवढा, मोडीत, माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेला. त्यात खापरपणजोबांचं नाव, पुढे 'बिन' (म्हणजे 'अमक्याचा मुलगा'), आणि त्याच्या पुढे, बापाचं नाव हवं तिथे, कसरीनं खाल्लेलं भोक.

हसू नका. त्या भोकाभोवती मी अकरा वर्षं फिरले. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात तीनदा जाऊन आले. घरच्यांनी विचारलं, "झालं का?" तर माझं उत्तर ठरलेलं, "एक दुवा राहिलाय." जे पक्कं नाही ते कुणाला दाखवायचं नाही, हा बाणा. कुणाला वहीची झेरॉक्ससुद्धा दिली नाही. चुकीचं एकदा बाहेर गेलं की परत आत येत नाही, असं वाटायचं.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे सांगलीकरांना सांगायला नको. आमचं घर तळमजल्यावर. नेसत्या कपड्यांनिशी निघालो. आठवड्यानं परत आलो तेव्हा लोखंडी कपाटातल्या सात वह्यांचा लगदा झाला होता. तो मोडी कागद वाचला, कारण तो कपाटात वर एलआयसीच्या फायलीत होता. म्हणजे भोक तेवढं वाचलं.

पण खरं दुःख वह्यांचं नाही. मोठी आत्या होती माझी. नव्वदी ओलांडलेली, स्मरणशक्ती टकटकीत. ती सांगायची, मानमोडीच्या साथीत आमच्या घरातली दोन पोरं एकाच आठवड्यात गेली. (तरुण मंडळींसाठी: मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा.) तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण तिच्या आजीनं तिला नावानिशी सांगितलेली. मला नोंदवहीत ती पोरं सापडली नाहीत. म्हणून मी नावं लिहिलीच नाहीत. मनात म्हटलं, पुरावा मिळाला की लिहू. आत्या २०२१ मध्ये गेली. एका पोराचं नाव मला आठवतंय. दुसऱ्याचं आठवत नाही. ते जगात फक्त तिला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं होतं, निदान तीनदा.

गेल्या वर्षी भावाच्या मुलीनं मला अक्षरशः दमात घेतलं. "आत्या, तुझ्या डोक्यात आहे तसं बोल, मी टाइप करते." (आता आत्या मी आहे, हे त्या दिवशी जरा लागलं.) सहा पानं झाली. तिनं त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या आणि मला न विचारता जत्रेला घेऊन गेली. देवळासमोरच्या मांडवात वाटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पानोपानी चुका होत्या. आणि मग गंमत झाली. लोक चिडले! "आमच्या बापाला धाकटा कुणी केला?" "ही बाई कवठ्याची, तुम्ही मिरजेची लिहिलीय." एक चुलतभाऊ तरातरा घरी गेला आणि १९३० च्या सुमाराच्या फेरफाराचा उतारा घेऊन आला. दहा वर्षांपूर्वी मी याच गृहस्थाला "तुमच्याकडे जुने कागद आहेत का" म्हणून विचारलं होतं, तेव्हा "काय न्हाई" म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत त्या वीस प्रतींवर बॉलपेननं ४१ दुरुस्त्या झाल्या. पाच वर्षांच्या रेकॉर्ड रूममध्ये एवढं मिळालं नव्हतं.

तर आता ठरवलंय. येत्या जत्रेआधी शंभर प्रती छापायच्या. स्पायरल बाइंडिंग, भारी काही नाही. कागद बघितलेली नोंद ठळक काळ्यात. सांगोवांगीची नोंद फिकट तिरप्या अक्षरात, कुणी सांगितलं आणि कधी ते लिहून. माहीत नाही तिथे रिकामी चौकट. आणि प्रत्येक पानाचं उजवं अर्ध मोकळं, लोकांच्या बॉलपेनसाठी.

ठरवलंय म्हणते खरी, पण हात थरथरतोय. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? भोक तसंच ठेवून छापलंय?

कराडचा_कॅशियर

बाई, दंडवत. ते "काय न्हाई" वाचून मोठ्यानं हसलो. ते उत्तर आपल्या भागात फुकट मिळतं.

अचूकपणाचं म्हणाल तर आमच्या वडिलांसह सातही भावंडांची जन्मतारीख १ जून. सातही! शाळेत घालताना गुरुजींनी वय अंदाजानं धरलं आणि तारीख सोयीची टाकली. सरकारी शिक्का आहे, दाखला आहे, पेन्शन त्याच्यावर निघाली. उलट आजी म्हणायची, "थोरला बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा." कागद पक्का आणि खोटा, आजी कच्ची आणि खरी. तुमच्या पद्धतीनं यातलं ठळक काय छापायचं?

गणिताच्या_बाई

दोन्ही. दाखल्याची तारीख ठळक, खाली आजीचा बेंदूर तिरपा. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी बेंदूर खोडला असता.

बोरूबहाद्दर

वाचतोय. मोडी वाचनाची कामं करतो म्हणून थोडं लिहितो, कारण या छंदातल्या लोकांना अचूकपणाचा जो रोग लागतो त्याचं अर्धं औषध मोडी शिकण्यातच आहे.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शब्द तोडत नाहीत. कारकून आधी पानभर शिरोरेघा ओढायचा आणि त्यांना अक्षरं लटकवत जायचा, बोरू कमीत कमी उचलायचा. कुठे एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं हे वाचणारानं ठरवायचं. त्यात जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही; नाव, बापाचं नाव, मौजे अमुक, झालं. एकाच माणसाचं नाव एकाच कागदात दोन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. लोक मला विचारतात, "यातलं बरोबर कुठलं?" त्या कारकुनाला हा प्रश्नच कळला नसता.

तारखांचं तर विचारू नका. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ 'सबा सबैन मया व अलफ', म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. 'किंवा' का? कारण हे साल मृग लागताना बदलतं. महिना वाचता आला नाही तर १७७६ की १७७७ हे कुणी सांगू शकत नाही. शकाचंही तेच, ७८ की ७९. तेव्हा '१७७६-७७' असं लिहिणं हा कमीपणा नाही. एकच साल ठोकून देणाऱ्याकडेच मी संशयानं बघतो.

तुमच्या त्या कागदाचा फोटो टाकता का? भोकासकट.

गणिताच्या_बाई

भाचीला सांगून टाकते. मला इथे फोटो चढवता येत नाही, पूर्वी एकदा उलटा चढला होता.

कोर्टकचेरी

सगळे टाळ्या वाजवतायत, म्हणून कुणीतरी वाकडं बोलायला हवं. माझा विरोध नोंदवा.

वंशावळ हा नुसता छंद नसतो. वारसनोंद, वाटणी, जातीचा दाखला, सगळीकडे वंशावळ लागते, तीही शपथेवर. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्हा प्रशासनांच्या वेबसाइटवर मोडी नोंदींचे स्कॅन आले. त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे लोक काय काय घेऊन आले ते सांगितलं तर झोप उडेल. गाव तेच, नाव तेच, मग तो आमचाच पणजोबा! मधल्या दोन पिढ्या आठवणीनं भरलेल्या. बाई, तुम्ही फिकट तिरप्या अक्षरात छापाल. तुमच्या पुढच्या पिढीतला एखादा त्याची झेरॉक्स काढेल, आणि झेरॉक्समध्ये फिकट आणि ठळक सारखंच काळं येतं. मग ते पान प्रांत कचेरीत जोडलं जाईल.

आणि छापलेली चूक मरत नाही. आमच्याच घराण्याच्या जुन्या छापील कुलवृत्तांतात दोन सख्खे भाऊ बापलेक होऊन बसलेत. नंतरच्या प्रत्येकानं त्यावरूनच उतरवून घेतलं. आता खरं सांगणारा मीच खोटा ठरतो, कारण माझ्याकडे पुस्तक नाही.

गणिताच्या_बाई

झेरॉक्सचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनापासून आभार. रंगावर विसंबायचं नाही मग. सांगोवांगीच्या प्रत्येक नोंदीमागे 'ऐ.' घालते, ऐकीव म्हणून, अक्षरातच. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'घरगुती संग्रह, पुरावा म्हणून वापरू नये'.

पण तुमच्या बापलेक झालेल्या भावांबद्दल एक विचारू? त्या पुस्तकात ती नोंद कशावरून घेतली ते लिहिलंय का?

कोर्टकचेरी

नाही. कुठल्याच नोंदीखाली काही नाही. सगळं एका सुरात, जणू ब्रह्मदेवानं सांगितलं.

गणिताच्या_बाई

मग माझी भीती तिकडची आहे. त्या लेखकालाही कुठेतरी भोक असणार. त्यानं ते बुजवून टाकलं.

कोर्टकचेरी

हे मान्य. विरोध अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो, सवयीनं.

जावळीकर_डोंबिवली

तुमच्याकडं भोक असलेला कागद तरी हाय. आमचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. कोयना धरणात. आजोबा सांगायचे, उठताना देवाची मूर्ती आणि जात्याची तळी घेतली. जातं का घेतलं ते आजीला ठाऊक. कागद कुणी घेतला न्हाई. कागद असतो हेच म्हाईत नव्हतं.

मी पण लई वर्षं नादाला लागलो नाही, म्हटलं आपल्याकडं पुरावाच न्हाई तर लिहायचं काय. मग एकदा मुलाला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितलं, चार पिढ्या. त्याला म्हटलं आजोबांना फोन लाव. वडलांनी फोनवर गावातली घरं सांगितली, देवळापासून ओढ्यापर्यंत, कुणाच्या शेजारी कोण. त्यातनं आपोआप भाऊबंद निघाले. मुलानं नकाशा काढला, घरं चौकोनी, ओढा निळा. झाड काढायचं राहिलंच. बाईंनी दहापैकी सहा दिले.

गणिताच्या_बाई

त्या बाईंच्या वतीनं मी दहा देते. जावळीकर, तो नकाशा मोबाइलमध्ये फोटो काढून तिघा-चौघांना आजच पाठवा. मी वह्या कपाटात ठेवणारी बाई आहे, माझं ऐका.

रहिमतपूरची_माहेरवाशीण

कुणी बोललं नाही म्हणून बोलते. या सगळ्या वंशावळींत बायका कुठे आहेत? आमच्याकडच्या जुन्या तक्त्यात नऊ पिढ्या पुरुष आणि एकही बाई नाही. जणू एकातून एक फुटलेत, केळीच्या कोंबासारखे. तोच तक्ता घरात 'एकदम अचूक' म्हणून फ्रेम करून लावलाय!

बायका घ्यायच्या म्हटल्या की अचूकपणा सोडावाच लागतो. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. सात-बाऱ्यावर क्वचित, दप्तरात विधवा म्हणून एखादी ओळ. माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी धाकट्या मावशीला तिच्या दळणाच्या ओव्या आठवत होत्या, त्यात भाऊरायाचं नाव आणि माहेरच्या गावच्या देवाचं नाव येतं. त्यावरून गाव काढलं, तिथे विचारत गेले, भावाचं घर निघालं. तिचं स्वतःचं नाव मात्र नाहीच निघालं. ओवीत बाई स्वतःचं नाव घालत नाही ना.

आता आमच्या नव्या तक्त्यात तिच्या जागी सासरचं नाव आहे आणि वर चौकट, बाईंसारखीच रिकामी.

गणिताच्या_बाई

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. माझ्या सहा पानांतही बायका आहेत त्या 'पत्नी' एवढ्याच. छापायला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल, प्रत्येक घरी फोन करते. (बघा, पुन्हा उशीर सुरू झाला माझा. आठ म्हणजे आठच.)

तळबीडचा_पुणेकर

+१. माझा अनुभव उलटा आहे, मी अचूकपणानं नाही, बावळटपणानं दोन वर्षं घालवली. सासरेबुवांच्या वडिलांच्या दाखल्यावर 'ता. वाळवा, जि. सातारा'. मी साताऱ्याला खेटे घालतोय. कुणीतरी शेवटी सांगितलं की १९४९ मध्ये सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे आधी साताऱ्यातच. त्यात मधूनमधून सांगली, मिरज, जत, औंध संस्थानांची गावं पेरलेली. तेव्हा नवीन लोकांनी आधी गाव खालसातलं (थेट इंग्रज सरकारच्या मुलखातलं) की संस्थानातलं ते बघावं.

हेळव्याचा_यजमान

सांगलीकडचे इतके जण जमलात आणि हेळव्याचं नाव कुणी काढलं नाही?

आमच्याकडे सुगी झाली की हेळवी येतो. लहानपणी बैलावरून यायचे, आता जीप घेऊन येतात. दारात उभा राहून आमच्या मूळ पुरुषापासून म्हणायला लागतो, कुठून आले, कुठल्या गावाला किती पिढ्या राहिले, कुणाला किती मुलगे. वही असते त्यांच्याकडे, बापाकडून लेकाकडे आलेली. नवी पोरं जन्मली ती त्यात चढवून घेतो. धान्य, कपडा, पूर्वी भांडं किंवा वासरू, ऐपतीप्रमाणे द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याची वही आणि माझा फेरफार समोरासमोर ठेवला. तीन ठिकाणी जुळेना. मी वकिली सुरात म्हणालो (कोर्टकचेरी, हलके घ्या), "हे चुकलंय तुमचं." तो शांतपणे म्हणाला, "पावणं, तुमच्या कागदात ज्याच्या नावावर रान त्योच हाय. आमच्या वहीत ज्याच्या नावावर काय न्हाई त्यो बी हाय." खरंच, फेरफारात न आलेले दोन भाऊ त्याच्या वहीत होते. एक लहानपणी वारलेला, एक घर सोडून गेलेला.

बाई, तुमच्या गावात कुणाकडे हेळवी येतो का विचारा. मानमोडीतली ती दोन पोरं तिथे असू शकतात.

गणिताच्या_बाई

यजमान, काय सांगू. लहानपणी आमच्या दारात यायचा. आई त्याला ज्वारी घालायची. मी २००८ पासून पुण्यापर्यंत जाऊन आले आणि याला कधी विचारलं नाही. कारण? "ते आपलं काहीतरी म्हणतात." असं मीच म्हणायचे.

उद्या भावाला फोन लावते.

पलटणीतला_नातू

सातारा रोडवरून लिहितोय. आमचे पणजोबा 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच घरात माहीत. पहिल्या महायुद्धात आपल्याकडची माणसं किती गेली त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण मेले. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आताच्या इराकात, बसराही तिथलंच) होत्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. आमचे त्यातले की आधी बसऱ्यातच आजारानं गेले, कळायला मार्ग नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकलं. पणजोबांच्या नावाचे शिपाई एकावर एक निघत गेले. गोऱ्या साहेबानं कानाला लागलं तसं स्पेलिंग केलेलं, बऱ्याच जणांच्या पुढे आडनावच नाही. चार वर्षं त्यातला 'आपला' शोधत होतो. गेल्या पितृपक्षात वडील म्हणाले, "सगळेच लिही." मग जेवढे जुळण्यासारखे होते तेवढ्यांची यादी केली, अकरा जण. वडिलांनी पान वाढताना अकराही नावं घेतली. भटजी जरा गोंधळले, पण म्हणाले चालतंय.

कराडचा_कॅशियर

पलटणीतले, हे वाचून अंगावर काटा आला राव.

जुनं_दप्तर (मिरज)

उशिरा आलो. आमच्या घरी विषय निघाला की एकच वाक्य, "अठ्ठेचाळीसच्या जळितात सगळं गेलं." माझ्या आजोबांचा वाडा खरंच जळाला, त्यावर ते मरेपर्यंत बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. आता त्यावर इथे चर्चा नको. सांगायचं ते वेगळंच आहे. "सगळं गेलं" हे वाक्य आम्हाला फार सोयीचं झालं होतं. पूर्ण काही मिळणार नाही, मग शोधायचंच कशाला?

आमच्याकडे थोडी इनाम जमीन होती. एका मित्रानं सुचवलं, एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशननं इनामदारांकडून सनदा, कैफियती (लेखी निवेदनं) मागवल्या होत्या, त्याचं दप्तर पुण्याला आहे. गेलो. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी आमच्या गावची कैफियत निघाली. त्यात पूर्वजानं स्वतःच वंशावळ लिहून दिलेली, पाच पिढ्या. आणि त्यात खाली त्यानं काय लिहावं? याच्या वरील पुरुषांची नावे आम्हास ठाऊक नाहीत, असा मजकूर! एवढं इनाम पणाला लागलेलं, तरी लिहून मोकळा झाला.

बोरूबहाद्दर

दप्तर, असे मजकूर बरेच सापडतात. इतिहासाचार्य राजवाडे वाईपासून गावोगाव असली दप्तरं धुंडाळत फिरले, १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला. सगळे कागद जमेपर्यंत थांबले असते तर? मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले लेख शाळामास्तरकी सांभाळून खंडाखंडानं छापले. बाईंच्याच धंद्यातले.

गणिताच्या_बाई

शास्त्रीबुवांच्या पंगतीला बसवू नका हो, मी स्पायरल बाइंडिंगवाली.

थोडी खबर: भावानं हेळव्याचा नंबर मिळवला. आता जतकडे आहे, पौषात येतो म्हणाला. वहीत आमचं घर आहे म्हणाला, पोरांचं फोनवर सांगणार नाही, दारात येऊन म्हणावं लागतं. बरोबरच आहे त्याचं. जत्रा त्याच्या आधी आहे. पूर्वीची मी असते तर छपाई पौषापर्यंत थांबवली असती. आज पानं छापखान्यात दिली. 'मानमोडीत वारलेले दोन मुलगे (ऐ., मोठी आत्या)', एकाचं नाव, एक चौकट.

बायकांची नावं: ६३ पैकी ३८ माहेरच्या गावासकट मिळाली. फोनवर दोघीजणी रडल्या, एकीनं "आत्ताच कशाला आठवण झाली" म्हणून फोन ठेवला.

फोटो भाचीनं खाली डकवलाय.

बोरूबहाद्दर

फोटो बघितला. मोठा करून, उजेड कमीजास्त करून बघितला. बाई, रागावू नका. खात्रीनं सांगत नाही, कारण कसरीनं अक्षराचा शेपटाही खाल्लाय. पण ते मला 'बिन' वाटत नाही. याच कागदात वरच्या ओळीत दुसऱ्या नावापुढे 'बिन' आहे, त्याचं वळण बघा आणि याचं बघा. हा कारकून 'ब'ची गाठ नेहमी आत घेतो, इथे गाठच नाही. म्हणजे भोकात बापाचं नाव नसूही शकेल. गावाचं असेल, नाहीतर कामाचं. तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या सुमारास, कागद सपाट ठेवून आणखी एक फोटो काढाल का?

कोर्टकचेरी

अकरा वर्षं!

गणिताच्या_बाई

मघापासून भिंग घेऊन बसलेय. वरच्या ओळीतला 'बिन' मी कधी शेजारी ठेवून पाहिलाच नव्हता. गाठ नाहीये खरंच.

फोटो उद्या सकाळी आठला काढते. छापखान्याला फोन केला होता, पान १७ मशीनवर चढलंय, शंभरच्या शंभर निघतील म्हणाला. निघू देत. भाचीला सांगितलंय, जत्रेला येताना बॉलपेनचा एक पुडा आण, निळ्या शाईचा.